सोवळ्यातली गिटार

दिवाळीच्या दिवसांत माणसाने गोड बोलावे, असे आमच्या मातोश्री सांगत असत. परंतु त्याच मातोश्री चिवड्यात मिरच्या मोजून टाकीत नसत, मुठीने टाकीत. तेव्हा मी त्यांच्या सांगण्यापेक्षा त्यांच्या करण्याचे अनुकरण करतो, आणि फराळाचे ताट बाजूला न सारता वाचकांनी हा लेख वाचावा अशी विनंती करतो. मला भांडावयाचे आहे.

भांडण कोणाशी, ते आधी सांगतो. आमच्या नागपुरात दिवाळीच्या पहाटे गाण्याच्या मैफली होतात. अशाच एका मैफलीच्या चालकांपैकी एक गृहस्थ गणपती उठल्यावर माझ्याकडे आले. मंडळाचे व गृहस्थांचे नाव सांगत नाही. एक तर भांडण विचारांचे आहे, आणि दुसरे म्हणजे ते माझ्या धाकट्या बहिणीच्या दिरांचे स्नेही आहेत. मी हवाईयन गिटार वाजवतो. साठ वर्षे वाजवतो आहे. गृहस्थांचे म्हणणे असे की, मी वीस मिनिटे वाजवावे : दोन अभंग, एक नाट्यगीत आणि शेवटी जुने चित्रपटगीत. मी म्हटले, आनंदाने; फक्त तीन मिनिटांची आणखी एक चीज वाजवीन.

“कोणती?”

“स्टील गिटार रॅग.”

“म्हणजे इंग्रजी?”

“अमेरिकन. टेक्सासकडची.”

गृहस्थांनी चहाची बशी खाली ठेवली. “अहो काका, माणसे अभ्यंगस्नान करून येणार, नवे कपडे घालून येणार. त्यांना काय आपण गुराख्यांचा नाच ऐकवायचा?”

गुराख्यांचा नाच! हे शब्द दिवाळीच्या तोंडावर आणि विदर्भाच्या मातीत उच्चारले गेले, म्हणून मला राग आला. दिवाळीचा पहिला दिवस वसुबारसेचा, म्हणजे गाय-वासराचा. आणि नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत दिवाळीत गोवारी बांधव ढाल घेऊन, गाणी म्हणत गायगोधनाला नाचतात, ते गृहस्थांनी पाहिले नसेल तर मी त्यांना माझ्या खर्चाने दाखवावयास तयार आहे. गुराख्याने नाचावे हे दिवाळीला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की गुराखी परका असला की तो ओवळा ठरतो.

ज्यांच्या घरी हे वाद्य कधी आले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबावयाच्या नाहीत. त्यांच्यावरून पोलादाची गुळगुळीत कांडी फिरवावयाची, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडावयाच्या. कांडी सरकली की स्वर सरकतो. पडदा आहे, पण तो नुसता डोळ्यांसाठी. कानाने चूक केली तर पडदा वाचवीत नाही. हवाई बेटांतल्या जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही तऱ्हा काढली असे मानतात. रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेला लोखंडी बोल्ट तारांवरून फिरवताना त्याला ती सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी की खोटी कोण जाणे, पण माझ्या मास्तरांना ती फार आवडते, कारण मास्तर रेल्वेतले.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावले. मग तबकड्या निघाल्या, आणि वेड समुद्र ओलांडून आले. टाऊ मो नावाचे हवाईयन वादक १९४० च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यास राहिले होते. त्यांच्या वादनाने कलकत्त्यास ही गिटार अशी रुजली की बंगाली घरांत मुलीला पेटी शिकवावी तशी हवाईयन गिटार शिकवू लागले. मुंबईच्या चित्रपटांनीही तिला जवळ केले. लखनौचे व्हॅन शिपली यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या, पुण्याचे इनॉक डॅनियल्स त्यांच्याबरोबर ॲकॉर्डियन वाजवीत. त्या तबकड्या आमच्या लहानपणी पानाच्या ठेल्यांवर आणि लग्नाच्या मांडवांत सारख्या वाजत. पुढे जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवून दाखवला. १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका रसिकांना ठाऊक आहेच. १९९४ साली विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळाले, आणि गिटारला मोहनवीणा म्हणून मानाचा पाट मिळाला.

तेव्हा गृहस्थ वाद्याला परके म्हणत नव्हते. वाद्य आमच्यात घेतले होते. चाल मात्र बाहेर उभी.

येथे माझा एक जुना गुन्हा कबूल करतो. पूर्वी कोणी गिटारला विदेशी म्हटले की मी शार्ङ्गदेवाला पुढे करीत असे. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणेचे वर्णन आहे, तिच्या तारेवरून बांबूची कम्रिका फिरवून स्वर काढीत. म्हणजे कांडी फिरवण्याची तऱ्हा आपल्या देवगिरीस लिहून ठेवलेली! तंजावरकडे गोट्टुवाद्यम आहे. ते गाजवणारे सखाराम राव हे तर नावातच मराठी वळण असलेले. उत्तरेत विचित्र वीणा आहे. हे सारे मी भाषणात सांगत असे आणि टाळ्या घेत असे. आता सांगत नाही. कारण एके दिवशी मला कळले की, हा पुरावा देताना मी प्रतिपक्षाचाच नियम मान्य करतो आहे : वस्तू आपली ठरली तरच ती जवळ करावी. समजा, शार्ङ्गदेवाने एकतंत्रीविषयी एक अक्षर लिहिले नसते. मग काय गिटार उंबऱ्याबाहेर ठेवावयाची होती? खुद्द शार्ङ्गदेवाचे घराणे काश्मीरहून देवगिरीस आले. यादवांनी त्याच्या आजोबांना मूळ गावाचा दाखला मागितल्याचे कुठे नमूद नाही.

आमच्या मराठी नाट्यसंगीताचेच पाहा. पेटी युरोपातून आली, ऑर्गन युरोपातून आला. गंधर्व नाटक मंडळीतल्या ऑर्गनचे सूर ज्यांनी ऐकले ते त्याची वर्णने करताना डोळे मिटीत. तो ऑर्गन वाजे कसा? पायांनी भाता हलवून. हे अशासाठी सांगतो की, माझ्या नव्या वाद्याला पाय लावावे लागतात, आणि गृहस्थांचा दुसरा आक्षेप तोच होता : “सरस्वतीला पाय लावायचा म्हणजे...” नाट्यगीत वाजवा असे सांगावयास आलेला माणूस हे बोलतो!

ते नवे वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. माझा भाचा डॅलसला असतो. तिकडे एका वृद्ध वादकाच्या पश्चात घरच्यांनी ती विकावयास काढली, ती त्याने घेतली आणि दोन खेपांत माझ्याकडे पोचवली. एकदा धड, एकदा पाय. दिसावयास ती गिटार नाहीच. चार पायांचे अरुंद टेबल, त्यावर दहा तारा, खाली पेडले, आणि गुडघ्याने ढकलावयाच्या दांड्या. तिची करामत अशी की, कांडी जागच्या जागी ठेवून पायाने निवडक तारा चढवता येतात. माझ्या जुळणीत पहिले पेडल दाबले की पाचवी व दहावी तार पूर्ण स्वराने चढते. दुसरे दाबले की तिसरी व सहावी अर्ध्या स्वराने. दोन्ही एकदम दाबली की षड्जाच्या स्वरमेळातून मध्यमाचा स्वरमेळ उभा राहतो, आणि हात तसूभर हललेला नसतो. आपल्या मींडेत एक स्वर प्रवास करतो. येथे दोन स्वर उंबरठ्यावर उभे राहतात आणि तिसरा त्यांच्या मधून वर चढत जातो. प्रथम ऐकले तेव्हा मला घरातली माणसे आठवली. एकजण प्रवासाला निघतो आणि बाकीचे दारात उभे असतात. असो.

आता त्या चालीविषयी. १९३६ साली बॉब विल्स या फिडलवाल्याच्या टेक्सास प्लेबॉईज नावाच्या ताफ्याने ‘स्टील गिटार रॅग’ शिकागोत ध्वनिमुद्रित केली. गिटारवर लिऑन मॅकॉलिफ होता. वय अवघे १९. त्या संगीताला वेस्टर्न स्विंग म्हणतात. खेड्यातली फिडल, शहरातला जाझ, निग्रो मजुरांचे ब्लूज, शेजारच्या मेक्सिकोची गाणी, सारे एका भांड्यात. बॉब विल्स टेक्सासच्या कापूसपट्ट्यात वाढला. लहानपणी कापूस वेचताना त्याच शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांचे संगीत त्याच्या कानी पडले, आणि ते त्याच्या फिडलीत उतरले.

कापूस! गृहस्थ, तुम्ही कोणत्या गावात बसून याला परके म्हणता? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. गिरणी आज नाही. तिच्या जागेवर मॉल आहे, आणि त्यात विकावयास ठेवलेल्या विजारी टेक्सासच्या गुराख्यांच्याच नमुन्याच्या आहेत. त्या घालून पहाटेच्या मैफलीला आलेले चालतात. चाल मात्र चालत नाही.

ही चाल तरी धड मॅकॉलिफची कुठे आहे? केंटकीतल्या लुइव्हिलचा सिल्व्हेस्टर वीव्हर नावाचा काळा वादक होता. त्याने १९२३ साली ‘गिटार रॅग’ तबकडीवर वाजवली होती. तिचा सांगाडा तेरा वर्षांनी टेक्सासच्या ताफ्यात नव्या कपड्यांत उभा राहिला, आणि कर्ता म्हणून नाव लागले मॅकॉलिफचे. वीव्हर १९६० साली वारला, बहुतेकांच्या विस्मरणात. ही लबाडी मी झाकणार नाही. उलट माझ्या ध्वनिमुद्रणाच्या पाकिटावर मी वीव्हरचे नाव पहिले घातले आहे. म्हणजे पाहा : हवाईच्या पोराची कांडी, केंटकीतल्या काळ्या माणसाची चाल, टेक्सासच्या गोऱ्या पोराचा हात. यातले ‘आपले’ आणि ‘परके’ निवडावयास कोणी बसले तर तो तांदूळ निवडता निवडता पातेले रिकामे करील.

आणि ती नागपुरास आली कशी? ही गोष्ट मला सांगावयाची आहे. बाकीचे सारे तिच्यासाठी.

१९४४ साली खडगपुरास अमेरिकन बाँबर विमानांच्या विसाव्या कमांडचे ठाणे होते. आसपास धावपट्ट्या, तंबू, आणि तंबूंत ग्रामोफोन. लढाई संपली, अमेरिकन गेले, काही तबकड्या मागे राहिल्या. त्यांतली एक बंगाल-नागपूर रेल्वेच्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडे आली. त्याच्याकडे हवाईयन गिटार होती, आणि शेजारी एक बंगाली पोर होते. ते पोर म्हणजे माझे मास्तर. ती तबकडी झिजून पांढरी होईपर्यंत दोघांनी ऐकली. पोर मोठे झाले, रेल्वेत फिटर झाले, आणि १९५७ साली बदली होऊन नागपुरास मोतीबागेत, छोट्या लाइनीच्या कारखान्यात आले. बरोबर पत्र्याची ट्रंक आणि गिटार.

त्याच वर्षी एका गणेशोत्सवात मास्तरांना वाजवावयास बोलावले. त्यांनी ही चाल वाजवली. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “हॉटेलातले वाजवू नका.” मागून पोरांनी शिट्या दिल्या. मास्तरांनी चाल अर्ध्यावर सोडली, दोन भजने वाजवली, नारळ घेतला आणि घरी गेले. त्यानंतर लोकांसमोर त्यांनी ती कधी वाजवली नाही. मी १९६५ साली त्यांच्याकडे शिकावयास जाऊ लागलो तेव्हा भजने शिकलो, भावगीते शिकलो, चित्रपटगीते शिकलो. ही चाल मात्र रात्री, क्वार्टरच्या व्हरांड्यात, कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर वाजे. मी एकदा विचारले, “मास्तर, ही काहून नाही शिकवत?” ते म्हणाले, “ही घरातली आहे बाप्पा. बाहेर न्यायची नाही.” पुढे मी हट्ट धरला, आणि तीन पावसाळे त्यांनी ती मला शिकवली, दार लावून.

आता माझा स्वतःचा गुन्हा, जो शार्ङ्गदेवाच्या गुन्ह्याहून मोठा आहे. १९७४ साली माझा कार्यक्रम होता, अशाच एका उत्सवात. श्रोत्यांतून एक तरुण उठला आणि म्हणाला, “तुमचे मास्तर ती अमेरिकन चाल वाजवतात म्हणे, ती होऊ द्या.” मी पाहिले, पुढे कोण बसले आहे. मग हसून म्हणालो, “मला नाही बुवा येत तसले काही.” मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझी गिटार स्वतः पेटीत ठेवली, कड्या लावल्या, आणि पाचवी तार बदलावयास झाली आहे एवढे सांगितले. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी आजपर्यंत केलेला नाही.

तेव्हा गृहस्थहो, तुम्ही माझ्या दिवाणखान्यात चहा पीत “गुराख्यांचा नाच” म्हणालात, तेव्हा मला तुमच्यापेक्षा माझाच राग अधिक आला होता. तुम्ही १९५७ सालची पुढची रांग आहात. मी १९७४ सालचा भित्रा आहे.

म्हणून ध्वनिमुद्रण करावयाचे ठरवले. धरमपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर छोटासा स्टुडिओ आहे. मुद्रक तरुण, नम्र, कानाचा तयार. त्याने दारे-खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही तिघे (चर्चच्या गायकवृंदातला एक गिटारवाला साथीला होता) घामाने निथळत होतो. पहिल्या शनिवारी काहीच झाले नाही, कारण पेडल कुरकुरत होते आणि माइकला ती कुरकुर माझ्या गिटारपेक्षा अधिक आवडत होती. शेवटी खालच्या शिंप्याकडून यंत्राचे तेल आणले. दुसऱ्या शनिवारी चाल अंगावर आली. तिची अडचण सांगतो. ती ऐकावयास पोरखेळ वाटते. परंतु कांडी तीन तारांवर एकदम, पडद्याच्या बरोबर माथ्यावर, अगदी सरळ पडावी लागते. केसभर तिरपी झाली की तीन स्वरांतला एक रुसतो. राग वाजवताना मी एका तारेवर चुकलो तर मींडेत सावरून घेतो. लोकांना वाटते, वा, काय नजाकत! येथे सावरण्यास जागा नाही. साठ वर्षांत एवढा उघडा मी कधी पडलो नव्हतो.

मुद्रकाने संगणकावर स्वर सरळ करून देऊ का, असे विचारले. त्यात प्रत्येक स्वर ओढून जागेवर बसवतात. करून पाहिले. घसरगुंडीच्या पायऱ्या झाल्या. पुसून टाकले.

मग तो हळूच म्हणाला, “काका, खाली तबला टाकू या का? फ्यूजन होईल. पहाटवाले नक्की घेतील.”

या तबल्याविषयी मला दोन शब्द बोलावयाचे आहेत. मी तबल्याचा वैरी नाही. माझे थोरले बंधू उत्तम तबला वाजवीत. परंतु अलीकडे परक्या संगीताला तबला लावणे म्हणजे शेंडी ठेवून जानवे घालण्यासारखे झाले आहे. आत काय आहे ते कोणी ऐकत नाही, शेंडी दिसली की पंगतीत पान मांडतात. या चालीचा ठेका दोन पावलांचा आहे. पहिल्या पावलावर खर्ज पडतो, दुसऱ्यावर साथीची गिटार चापट मारते, आणि या दोहोंमध्ये जी मोकळी जागा राहते तिच्यात चाल डुलते. तबला गोड आहे, पण त्याला मोकळी जागा बघवत नाही. तो ती भरतो. भरली की डुलणे संपले. हे कारण मी मुद्रकाला सांगितले तेव्हा त्याला पटले. गृहस्थांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तबला असता तर समितीपुढे मांडता आले असते.”

असली सोवळी केवळ आपलीच नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी केली होती. तिकडे नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या थोर रेडिओ-कार्यक्रमात ड्रम्स वर्ज्य होते. १९४४ साली बॉब विल्स गेला तो ड्रमवाल्यासह गेला आणि वाजवून आला. आणि पेडलांची चलती तर १९५४ च्या ‘स्लोली’ या गाण्यापासून झाली, तेव्हा १९३६ ची चाल पेडलांवर वाजवणे हा भ्रष्टाचार, असे म्हणणारे कट्टर तिकडेही निघतीलच. म्हणून मी पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या कांडीने वाजवल्या आहेत, आणि तिसरीत पाय लावला आहे. दोन्हीकडच्या कर्मठांचा एकदम कोप ओढवून घेण्यात एक समाधान असते.

गृहस्थांचे सोडा. माझा एक सतारिया स्नेही आहे. त्याचा आक्षेप मला खरोखर लागला. तो म्हणाला, “काबरांनी या वाद्याला रागापर्यंत वर नेले. तू त्याला पुन्हा खाली नाचाच्या मांडवात आणतोस. तुझे वय पंचाहत्तर. हातात किती वर्षे आहेत? मारवा नीट बसवायचा सोडून हे काय?” यातले वयाचे खरे आहे. मारव्याचेही खरे आहे. माझा मारवा अजून कच्चा आहे. परंतु ‘वर’ आणि ‘खाली’ हे मला मान्य नाही. काबरांनी गिटार वर नेली नाही, त्यांनी तिला दुसऱ्या घरी नेले, आणि ते घर मोठे आहे. पहिले घर त्यामुळे मोडत नाही. माझ्या सतारियाला ठुमरी आवडते, तीही एके काळी ‘खाली’च होती, कुठे, ते दिवाळी अंकात लिहीत नाही. आणि समजा, ही चाल नुसता नाच आहे, तिच्यात काही खोल नाही. तरी पत्र्याच्या ट्रंकेतून आलेली एक वस्तू सत्तर वर्षे दार लावून वाजवावी लागली, याचा हिशेब मारवा बसवून चुकता होत नाही.

मैफलीचा निर्णय लागला. समितीने मला वीस मिनिटांसाठी सन्मानाने बोलावले आहे, अभंग व नाट्यगीतासह, चाल वगळून. मी नम्रपणे नकार कळवला. पाडव्याला सकाळी सात वाजता आमच्या गच्चीवर मी वाजवणार आहे. तीन मिनिटांचीच चाल आहे, पण सौभाग्यवतींनी चाळीस माणसांच्या चकल्या केल्या आहेत, तेव्हा दोनदा वाजवीन.

ध्वनिमुद्रण पुरे झाले त्या रात्री मी ते मास्तरांकडे नेले. मास्तरांनी नव्वदी ओलांडली आहे. कानाला यंत्र आहे, पायात बळ नाही, हाताला कंप आहे. सून म्हणाली, “फार वेळ नका बसवू त्यांना.” मी फोन त्यांच्या कानाशी धरला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. त्यांचा चेहरा हलला नाही. तिसऱ्या फेरीत पेडल लागले तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. मला वाटले, आता काहीतरी बोलतील, १९७४ सालचे बोलतील.

“पाचवी तार,” ते म्हणाले, “पुरी चढत नाही. तुझा आतला गज ढिला आहे. वाद्य घेऊन ये. आणि पान्हा आण.”

दुसऱ्या दिवशी वाद्य नेले. भाच्याने पाठवलेली किल्ली होती, पण मास्तरांनी आपल्या जुन्या पेटीतला पान्हाच मागितला, तो बसेना म्हणून चिडले, मग किल्ली घेतली. सुनेने त्यांना सतरंजीवर बसवले. वाद्याखाली डोके घालून, चष्मा कपाळावर चढवून, थरथरत्या हाताने त्यांनी तो गज पाऊण तास कसला. मी पेडल दाबायचे, त्यांनी ऐकायचे, नाही म्हणायचे, पुन्हा कसायचे. शेवटी हो म्हणाले. आणि म्हणाले, “पुन्हा रेकॉर्ड कर. मी येतो.”

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी स्टुडिओ मिळाला आहे. मजला दुसरा आहे आणि लिफ्ट नाही. मास्तरांना खुर्चीसकट वर न्यावे लागेल. चार माणसे हवीत, मला तीन मिळाली आहेत. ते समितीचे गृहस्थ अंगाने चांगले धट्टेकट्टे आहेत. त्यांना उद्या फोन करणार आहे.